पाव इंच माया

ह्यूस्टन. ऑक्टोबर सरत आला तरी बाहेर घाम,
आत एसी असा की कुठल्याही स्टॉलवरची रजई
ओढून घ्यावी अंगावर.
पण हात लावायचा तर पांढरे मोजे घालून.

गळ्यात बिल्ला : खरेदीदार, टल्सा, ओक्लाहोमा.
नाव छापलंय प्रमिला खिद्रा.
यंत्राला जागा पुरली नाही. उरलेले 'पुरे'
शिवणीत गेले असतील.

सकाळपासून नमुन्यांचे पंखे उघडतेय, मिटतेय.
एका निळ्याला हे लोक 'वादळानंतर' म्हणतात,
मी अस्मानी.
लोरेटा, माझी भागीदार, फोनवर ओरडते :
कापड नको, पुस्तकं बघ. कापड पडून राहतं.

तर पुस्तकं. स्टॉल सहाशे बारा.
वसंतात येणारी, अजून न आलेली.
कव्हर खरं, पहिली बत्तीस पानं खरी,
पुढची सगळी कोरी.
कोऱ्या पानांना शाईचा नाही, डिंकाचा वास.

लेखिका तिथेच, घडीच्या खुर्चीत : व्हर्लीन स्टकी,
ऐंशीच्या घरातली, कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातली,
मधल्या बोटात अंगुस्तान, काढायचं विसरलेलं.
लोक येतात, पानं फडफडवतात, गोड बोलून पुढे सरकतात.
मी वाचते.
सांगलीत एकवीस वर्षं भूमिती शिकवली, त्याची खोड.

पान एकोणीस. तयार चौकोन चार इंचांचा.
कापायचा : चार इंच.
पुन्हा वाचलं. चारच.
अशा नवांची ओळ. शिवून झाल्यावर
साडेचार इंच गेले कुठे, बाई?

विचारायचं नव्हतं. विचारलं.

तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
ओठ हलवत मोजलं.
प्रकाशकाचा पोरगा आधी हसला, मग हसेना.
"मी जन्मात मोजलं नाही," ती म्हणाली,
"नजरेने कापते. आकडे याने लिहिलेत."
पोराचे कान लाल.
छपाई गुरुवारी, समुद्रापलीकडे.

मला कुरुंदवाडचे बाबालाल टेलर आठवले,
ओठांत टाचण्या धरून बोलणारे :
पोरी, माया सोड. पाव इंच तरी सोड.
वाढत्या अंगाच्या झग्याला ते बोटभर सोडायचे,
आणि दर जूनला उसवून द्यायचे, फुकट.

"तुमच्याकडे काय म्हणतात," व्हर्लीनने विचारलं,
"शिवणीत जाणाऱ्या कापडाला?"
माया, म्हणाले. आणि अडकले.
तोच शब्द जीव लावण्याला,
तोच गाठीला बांधलेल्या पैशाला,
आणि कीर्तनकार सांगतात तसा
जे दिसतं पण नसतं, त्यालाही तोच.
शिवणीत मात्र उलटं. असतं, दिसत नाही.
एवढं सगळं इंग्रजीत कसं बसवायचं?
म्हणाले, प्रेम. साधारण.

"आम्ही म्हणतो अलाउन्स," ती म्हणाली,
"पोरांना दर शनिवारी देतात ना, तेच."
मग थांबून : "आमच्या घरी नव्हते देत."

तिने पेन्सिल पुढे केली. तू कर.
मागच्या एका कोऱ्या पानावर
मी चाराचे साडेचार केले.
एकोणीस, बावीस, सव्वीस. त्रिकोणांना वेगळा हिशेब,
तिरक्या बाजूला जास्त लागते.
पोरगा फोटो काढून पाठवत होता
उद्याची सकाळ झालेल्या कुठल्याशा गावाला.
व्हर्लीन बघत होती, अंगुस्तानाने
खुर्चीच्या दांडीवर टकटक करत.

बारा प्रती नोंदवल्या.
लोरेटा म्हणेल, सहा पुरे होत्या.

पार्किंगमध्ये बिल्ला काढून डॅशबोर्डवर टाकला.
आठ तासांचा रस्ता. मागे नमुन्यांची पिशवी,
आणि कानामागे तिची पेन्सिल,
डॅलसजवळ पेट्रोल भरताना सापडलेली.